बूच देवघरात, नरसाळं फळीवर

मित्रांनो, रसायनशाळेत शिरलात की उजव्या हाताला एक लाकडी कपाट आहे. दाराची एक काच तडकलेली, तिथं पुठ्ठा खोचलेला. त्या कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, गंजक्या स्टँडांच्या मागं, कूस वळवून निजल्यासारखं जे काही दिसतं, ते मी. जुनं, काचेचं नरसाळं. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात माझं नाव 'विभक्तकारी नरसाळे' असं भारदस्त छापलेलं असतं. नाव ऐकून वाटावं, याचा धंदाच घरं फोडायचा! पण तसं नाही हो. दोघांना एका पोटात घ्यायचं, भेटू द्यायचं, आणि मग ज्याला त्याला आपापल्या वाटेनं जाऊ द्यायचं, एवढंच माझं काम. त्यात माझ्यापाशी कुणीच राहत नाही, ही गोष्ट निराळी.

माझा जन्म लांब उत्तरेकडच्या एका काचेच्या कारखान्यात झाला. एका म्हाताऱ्या कारागिरानं तापून लाल झालेल्या काचेत नळीनं फुंकर घातली आणि माझं पोट फुगलं. जीव म्हणजे देवाकडून उसना घेतलेला श्वास, असं कीर्तनात सांगतात. माझ्या बाबतीत तर ते अगदी शब्दशः खरं आहे. वरती गळा, मध्ये लांबट पेरूसारखं पोट आणि खाली पाणी सोडायची तोटी, असा माझा आकार झाला. मग त्या कारागिरानं माझ्या गळ्यासाठी काचेचं एक बूच घेतलं. ओल्या भुकटीत ते माझ्या गळ्यात घालून तो फिरवत बसला. करकर करकर. ते माझ्यात झिजलं, मी त्याच्यात झिजलो. शेवटी दोघं असे बसलो की पाण्याचा थेंबही मधून जाईना.

ही गोष्ट लक्षात ठेवा, मित्रांनो. असं घासून बसवलेलं बूच दुसऱ्या नरसाळ्याला चालत नाही आणि दुसऱ्याचं बूच मला चालत नाही. लग्नाच्या गाठी स्वर्गात बांधतात म्हणे. आमची भट्टीशेजारच्या बाकड्यावर बांधली गेली.

गवताच्या पेटीतून आम्ही कोल्हापूरला, या कॉलेजात आलो. पुढची कित्येक वर्षं मुलांच्या प्रात्यक्षिकात गेली. तेल आणि पाणी ओतायचं, हलवायचं, पाणी खाली सोडायचं, तेल वर ठेवायचं. परीक्षेच्या दिवसांत घामेजलेले हात माझ्या मानेला धरायचे. पास झाली की पोरं पेढे घेऊन सरांकडे जायची. माझ्याकडे कोण येणार? मला मात्र त्या हातांचा घाम अजून आठवतो.

माझी खरी सोबत म्हणजे आक्का. आक्का म्हणजे प्रयोगशाळेतली मदतनीस. तिचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक, बाकी शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांची ती आक्काच. मोरीवर काचेची भांडी धुताना ती मोबाइल खिडकीत ठेवायची आणि त्यावर कीर्तन लावायची. पाण्याची धार, टाळांचा नाद आणि बुवांचा खुला आवाज! त्या मोरीवर मी इतकी कीर्तनं ऐकली की पूर्वरंग कुठं संपतो आणि उत्तररंग कुठं सुरू होतो, हे मला टाळांच्या ठेक्यावरून कळायला लागलं. बुचांची अदलाबदल होऊ नये म्हणून आक्कानं जोतिबाहून आणलेल्या लाल दोऱ्यानं माझं बूच माझ्या मानेला बांधून टाकलं होतं.

"ऱ्हावा बाबांनो संगट," ती म्हणायची. "एकटं ऱ्हायाची हौस कुणाला अस्ती?"

आक्काला अकाली वैधव्य आलेलं होतं. ती हे हसून बोलायची, पण धुताना तिचा हात माझ्यावर थोडा जास्त वेळ राहायचा.

मग एका आषाढात विद्याश्री आली.

उंच, सावळी, केसांची घट्ट वेणी. हातात दुधाचा स्टीलचा कॅन. तिनं झाकण उघडलं आणि सगळ्या खोलीत आंबूस वास पसरला. आत हिरवट पाणी होतं. दूध नासवून पनीर काढलं की मागं उरतं ते.

"शी! हे काय आणलंस गं?" आक्का पदर नाकाला लावून म्हणाली.

"आमच्या घरचं आहे, आक्का," विद्याश्री म्हणाली. "याच्यावरच पीएचडी करायचीय."

"लोकं पुस्तकं आणत्यात, तू नासकं पाणी आणलीस!"

हळूहळू सगळी हकिगत कळली. विद्याश्रीचे वडील प्रभुलिंग मूळचे गडहिंग्लजकडचे. उचगावला येऊन त्यांनी पनीरची शेड टाकली होती. शेड चांगली चालली, पण हे आंबट पाणी शेडमागच्या चरात मुरत होतं. चराच्या पलीकडे धोंडुबाईची विहीर. त्या विहिरीचं पाणी उग्र झालं, आणि एक दिवस धोंडुबाईच्या म्हशीनं पाण्यानं भरलेल्या दगडी डोणीवरून तोंड फिरवलं. धोंडुबाईनं गल्ली गोळा केली आणि प्रभुलिंगांना दारात उभं करून सांगितलं, "पावणं, दिवाळीपतोर हे पाणी थांबवा. न्हायतर शेडला कुलूप मी सोता घालणार."

त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. प्रभुलिंगांनाही ते पटलेलं होतं, म्हणून तर त्यांना झोप येत नव्हती. आयुष्यभराची कमाई म्हणजे ती शेड. ती गेली तर परत गावाकडे, रिकाम्या हातानं. त्यांनी पाणी शुद्ध करायची टाकी बांधली होती. तिच्यात घाण खाणारे बारीक जीव सोडले होते. पण पाणी इतकं आंबट की जीवच मरून जायचे. आधी आंबटपणा काढायला हवा होता. तेच काम विद्याश्रीनं अंगावर घेतलं होतं, आणि तिनं कपाटातून निवडून घेतलं ते मला. का, देव जाणे. माझी तोटी गळत नव्हती म्हणून असेल.

आंबटपणा म्हणजे आम्ल. ताकात असतं तेच. ते पाण्यात विरघळलेलं असतं आणि त्याला पाण्याचा फार लळा. पाण्यावर नुसतं सूर्यफुलाचं तेल ओतलं तर ते तेलात यायला तयारच नाही. विद्याश्री दिवसभर हलवायची, आम्ल आपलं पाण्यातच. मग तिनं तेलात अमाइन नावाचं एक द्रव्य मिसळलं. पुढं काय होतं, ते ती एकदा आक्काला समजावत होती. तेव्हा मी तिच्या हातातच होतो.

"हे बघा आक्का. अमाइन राहतं तेलात. पण ते पाण्याच्या काठापर्यंत येतं आणि आम्लाचा हात धरतं. एकदा हात धरला की आम्लाची पाण्याची ओढ सुटते. मग दोघं मिळून तेलात वर येतात."

"आनी मग?"

"मग खालचं पाणी सोडून द्यायचं. वरच्या तेलात धुण्याच्या सोड्याचं पाणी घालून परत हलवायचं. तिथं आम्ल अमाइनचा हात सोडतं आणि सोड्याच्या पाण्यात उतरतं. ते वेगळं काढून विकता येतं. चामडं कमावणाऱ्यांना लागतं ते."

"आनी हात धरणारं?"

"ते रिकाम्या हातानं तेलात परत. पुढच्या पाण्यासाठी तयार."

आक्का हातातला ब्रश तसाच धरून उभी राहिली. मग म्हणाली, "म्हंजे हा कीर्तनकारच की गं! गावात यायचं, संसारात बुडल्याला हाताला धरून देवाच्या दारात न्यायचं, तिथं सोडायचं, आनी आपुन पुन्यांदा एकलंच दुसऱ्या गावाला."

विद्याश्री हसली. मी काचेचा, मला हसता येत नाही. पण त्या दिवसापासून पहिल्या हलवण्याला मी मनात पूर्वरंग म्हणायला लागलो आणि दुसऱ्याला उत्तररंग.

पण मित्रांनो, कीर्तन उभं राहीना! अमाइन हात धरत होतं, यात शंका नाही. पण तेल आणि पाणी सुटायलाच तयार नव्हती. मधोमध पांढरा, दाट, सायीसारखा थर बसायचा. ना तेल, ना पाणी. आमच्यात त्याला पायस म्हणतात. तो थर आला की खाली काय सोडायचं आणि वर काय ठेवायचं, तेच कळेना. विद्याश्री थोडा वेळ बघायची, ओठ चावायची आणि सगळं मोरीत ओतून नव्यानं सुरुवात करायची. नव्यानं सुरुवात करताना ती आणखी जोरात हलवायची.

इथंच तिची चूक होती. ती चूक दूधवाल्याच्या घरातलीच पोर करणार. लहानपणापासून तिनं अव्वाला, म्हणजे आईला, ताक घुसळताना पाहिलेलं. तिच्या घरात जो जोरात घुसळतो तो कामाचा, जो हळू हलवतो तो आळशी. त्या हातांना हळू हे माहीतच नव्हतं. माझं बूच अंगठ्यानं दाबून ती मला असं घुसळायची की तिच्या बांगड्या माझ्यावर आपटायच्या आणि माझा गळा दुखायचा. पाण्यात राहिलेला दुधाचा अंश आणि वरचं तेल त्या घुसळण्यानं एकजीव व्हायचे. ती सोडवायला जात होती आणि तिचेच हात आणखी घट्ट गुंता करत होते.

मला हे कळत होतं. पण सांगणार कसं? हे माझं सगळ्यात मोठं दुःख. सगळं माझ्या पोटात घडतं, आणि मला तोंड आहे ते फक्त ओतण्यासाठी.

श्रावण गेला. भाद्रपद गेला. संयोगिता मॅडम, म्हणजे विद्याश्रीच्या मार्गदर्शक, एकदा खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "विषय बदलूया का गं? अजून उशीर झालेला नाही."

"विषय बदलता येईल, मॅडम," विद्याश्री म्हणाली. "अप्पा नाही बदलता येणार."

अप्पा म्हणजे तिचे वडील. त्या दिवशी ती माझ्यासमोर स्टुलावर बसून बराच वेळ नुसती बघत राहिली. माझ्या पोटात तो पांढरा थर तसाच.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची पूजा असते, हे तुम्हाला माहीतच आहे. शेतकरी विळा-कोयता पुजतो, गॅरेजवाला पाने पुजतो. आक्का प्रयोगशाळेतली सगळी भांडी टेबलावर मांडायची. विद्याश्रीनं सकाळीच येऊन नवा प्रयोग लावला होता. घुसळून झालं होतं, थर बसला होता, आणि सवयीनं ती मला मोरीकडे न्यायला निघाली. तेवढ्यात आक्का हळदी-कुंकवाची वाटी घेऊन आडवी आली.

"ठिव खाली त्येला!"

"आक्का, पोटात घाण आहे हो त्याच्या. धुऊन देते, मग करा पूजा."

"पोटात काय बी असूं दे. मानसाच्या पोटात काय कमी घान अस्ती व्हय? तरी देव जवळ करतोच की."

"पण मला दुसरा प्रयोग लावायचाय. दिवाळी आली, आक्का!"

"आज हत्याराला हळद लागली. आता दसरा झाल्याबिगर त्येला कामाला लावायचं न्हाय. धुवायचं न्हाय, हलवायचं न्हाय, हात बी लावायचा न्हाय. तुज्या घरात पाळत न्हाईत व्हय?"

विद्याश्रीचा हात सैल पडला. घरात पाळत होते. खंडेनवमीला प्रभुलिंग पनीर दाबायची यंत्रंही बंद ठेवायचे. तिनं मला स्टँडच्या कड्यात ठेवलं. आक्कानं माझ्या पोटावर हळदीचं बोट ओढलं, वर कुंकू लावलं, झेंडूचं एक फूल बुचावर ठेवलं आणि हात जोडले. मग दिवा शांत झाला, कुलूप लागलं आणि पावलं लांब गेली.

दसरा आणि त्याला जोडून आलेला रविवार. बंद खोलीत मी एकटा, पोटात तो अडकलेला पांढरा थर घेऊन. एरवी एकटेपणाचा मला कंटाळा. पण त्या वेळी मला पहिल्यांदाच कुणी घाई केली नाही. हळूच कुठंतरी एक तेलाचा थेंब सुटला आणि वर गेला. मग आणखी एक. पाण्याचा एक थेंब खाली उतरला. भांडून थकलेले दोघं भाऊ जसे आपापल्या ओट्यावर जाऊन बसतात, तसं माझ्या पोटात चाललं होतं. बाहेर कुठं सोनं वाटल्याचा गलका झाला, तो विरला. झेंडूचं फूल सुकलं.

सुट्टी संपली. आक्कानं कुलूप काढलं. मागोमाग विद्याश्री आली, पिशवी खाली ठेवली आणि जागच्या जागी थांबली.

माझ्या पोटात मधोमध एक रेघ होती. स्वच्छ. वर पिवळं तेल, खाली नितळ पाणी, आणि मध्ये सायीची फक्त एक पुसट कड.

तिनं वाकून बघितलं. हळदीच्या बोटाच्या दोन्ही बाजूंनी बघितलं. बूच काढून, तोटी उघडून थोडं पाणी घेतलं आणि त्यात निळा लिटमस कागद बुडवला. आंबट पाण्यात तो लाल होतो. तो निळाच राहिला.

"आक्का," ती एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

"अगं बया! काय फुटलं काय?"

"काही फुटलं नाही. मीच... मीच घुसळत होते, आक्का. त्याला नुसतं राहू द्यायला हवं होतं."

त्या दिवसापासून तिचे हात बदलले. पाणी आधी उकळून, दुधाचा उरलेला अंश फडक्यातून गाळून घ्यायची. मग बाळाचा पाळणा हलवावा तसं मला इकडून तिकडे झुलवायची. मध्येच उलटं धरून तोटी किंचित उघडायची, उत्तररंगात सोड्यामुळे कोंडलेला वायू फुस्स करून बाहेर पडायचा. आणि मग ती थांबायची. थांबणं हेसुद्धा एक काम असतं, मित्रांनो. कीर्तनात बुवा एखाद्या ओळीनंतर गप्प राहतात ना, टाळ खाली, मृदंग गप्प, आणि ऐकणाऱ्याच्या मनात ती ओळ आपोआप उतरते, तसं ते थांबणं.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा विद्याश्रीनं मला टॉवेलात गुंडाळलं, पिशवीत घातलं आणि बसनं उचगावला नेलं. जन्मल्यापासून मी पहिल्यांदाच माणसांच्या गर्दीत चाललो होतो. कुणाचा तरी डबा मला खेटला. मला भीती वाटली आणि बरंही वाटलं.

शेडमध्ये एक टेबल मांडलं होतं. समोर गल्लीतली माणसं. मध्ये धोंडुबाई, कमरेवर हात ठेवून. प्रभुलिंग एका बाजूला, कपाळावर विभूतीचे पट्टे, पांढरा सदरा, आणि चेहरा असा की जणू पोरीची नव्हे, त्यांचीच परीक्षा आहे.

विद्याश्रीनं आंबट पाण्यात निळा कागद बुडवून तो लाल झालेला सगळ्यांना दाखवला. मग ते पाणी माझ्यात ओतलं, तेल ओतलं, मला झुलवलं आणि लोखंडी कड्यात ठेवलं. खालून पाणी सोडायचं तर वरचं बूच काढावं लागतं. लाल दोरा मध्ये येत होता. तिनं बुचाकडची गाठ सोडली आणि बूच वडिलांच्या हातात दिलं.

"अप्पा, एवढं धरा."

त्यांनी ते दोन्ही तळहातांत धरलं आणि मूठ मिटली.

"झालं?" धोंडुबाईनं विचारलं.

"थांबावं लागतं, मावशी."

"थांबूनच बसलोय की आमी! वरीस झालं थांबून."

मागून एकजण म्हणाला, "आता ह्या बाटलीत काय देव परगट हुनार हाय काय?"

सगळे हसले. विद्याश्रीच्या बोटांना चाळा लागला. मला एकदा जोरात हलवावं, असं तिला वाटत होतं. मला ते तिच्या बोटांवरून कळत होतं. तिनं हात मागं बांधले. प्रभुलिंग डोळे मिटून पुटपुटत होते, "नमः शिवाय, नमः शिवाय." आणि दर नामाला त्यांची मूठ माझ्या बुचावर आणखी घट्ट होत होती.

रेघ उमटली. आधी धूसर, मग ठळक. हसणं थांबलं. विद्याश्रीनं तोटी उघडली, पाणी भांड्यात घेतलं, कागद बुडवला.

"बघा मावशी. मघाशी लाल झाला होता. आता निळाच."

"कागदाचं काय सांगतीस मला?" धोंडुबाई म्हणाली. "माजी म्हस काय कागद वाचती व्हय?"

"नाही वाचत. पण आता हे पाणी टाकीत घालता येईल. टाकीतले जीव मरणार नाहीत. चरात एक थेंब जाणार नाही. पावसानं विहीर एकदा धुऊन निघाली की..."

धोंडुबाई पुढं आली. माझ्याकडे वाकून बघितलं. तिच्या श्वासानं माझी काच धुरकटली. मग ती प्रभुलिंगांकडे वळली.

"पावणं, पोरगी खोटं बोलणाऱ्यातली दिसत न्हाय. दिवाळीचं राहूं दे. पुढल्या पावसापतोर बगते. म्हशीनं पाण्याला तोंड लावलं तर शेड तुमची. न्हाय लावलं तर कुलूप माजं."

प्रभुलिंगांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "अगं अव्वा," ते विद्याश्रीला म्हणाले. सीमेकडच्या घरात पोरीला लाडानं असं म्हणतात. त्या गडबडीत, चहा-चिवड्यात, पाठीवरच्या थापांत विद्याश्रीनं मला धुतलं, टॉवेलात गुंडाळलं आणि पिशवीत ठेवलं.

बूच प्रभुलिंगांच्या मुठीतच राहिलं.

कॉलेजात आल्यावर आक्कानं टॉवेल उलगडला. माझ्या मानेला लाल दोरा तसाच, आणि त्याचं दुसरं टोक रिकामं.

"बूच कुटं हाय गं?"

विद्याश्रीनं कपाळावर हात मारला. "आणते उद्या."

उद्या आला, परवा आला. शेवटी एकदा ती खाली बघत आक्काला म्हणाली, "बूच अप्पांनी देवघरात ठेवलंय. शंकराच्या तसबिरीपुढं. रोज विभूती लावतात, बेल वाहतात. म्हणतात, त्या घटकेला हेच माझ्या हातात होतं, देवच हातात आला होता. आक्का, कसं मागू मी?"

दोऱ्याचं मोकळं टोक आक्कानं माझ्या मानेला गुंडाळून ठेवलं.

रबराचं बूच लावून बघितलं, ते तेलानं फुगलं. दुसऱ्या नरसाळ्याचं लावलं, ते गळलं. मग नवं नरसाळं आलं, प्लॅस्टिकच्या तोटीचं. पुढं उचगावच्या शेडमध्ये स्टीलचा उंच, पोकळ खांब उभा राहिला. त्यात तेल आणि पाणी एकमेकांच्या अंगावरून सावकाश जातात. माझं काम तो माझ्याहून कितीतरी पटींनी जास्त करतो. पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी विद्याश्री धावतच प्रयोगशाळेत आली आणि दारातून ओरडली, "आक्का, म्हैस पाणी प्याली! धोंडुमावशीनं पेढे वाटले!" तिनं पेढा आक्काला दिला, मॅडमना दिला. मी तेव्हा वरच्या फळीवर होतो. पेढ्याचा वास तिथंपर्यंत आला.

विद्याश्रीला पदवी मिळाली, ती शेड सांभाळायला गेली. तिच्या प्रबंधात माझं चित्र आहे म्हणे, बुचासकट. आक्का कॉलेजात असेपर्यंत दर खंडेनवमीला ती स्टूल घेऊन मला खाली काढायची आणि हळदीचं बोट लावायची. मग ती निवृत्त झाली, लेकाकडे राहायला गेली. तिच्यामागं मोरीवरचं कीर्तन गेलं. आता दसरा येतो आणि जातो. कपाटाचं दार कुणी उघडलं तर ते नव्या वस्तूसाठी. माझ्या पोटावर धूळ बसलीय. त्या धुळीखाली कुठंतरी पिवळं बोट असेल.

राग नाही हो माझा कुणावर. शेड वाचली, विहीर गोड झाली, माझा अर्धा देह देवापुढं आहे. एवढं भाग्य किती नरसाळ्यांना मिळतं? पण खरं सांगू? पूजेत बसलेलं ते बूच आणि फळीवर पडलेला मी, दोघंही आता कामाचे नाहीत. त्याला फुलं मिळतात, मला धूळ मिळते. गळ्यात गळा घालून बसायची जागा मात्र दोघांचीही रिकामी.

म्हणून, बाळांनो, हात जोडायला मला हात नाहीत, तरी विनवतो. ज्यानं हात धरून तुम्हाला काठाला आणलं, त्याला आठवा. पण नुसतं देव्हाऱ्यात बसवून मोकळे होऊ नका. त्याला धुवा, पुसा आणि त्याच्या जोडीदाराजवळ नेऊन ठेवा. मग ती वस्तू असो, नाहीतर निवृत्त होऊन दूर गेलेली एखादी आक्का असो.

सोमवारी संध्याकाळी कॉलेजमागच्या देवळात कीर्तन असतं. बुवांचा आवाज खिडकीतून येतो, फुटक्या दाराच्या फटीतून कपाटात शिरतो आणि माझ्या उघड्या गळ्यातून पोटात उतरतो. बूच असतं तर तो बाहेरच राहिला असता. आता टाळ थांबले तरी माझ्या पोटात तो बराच वेळ घुमत राहतो. तेवढा वेळ मी एकटा नसतो.

कधी उचगावला गेलात आणि पनीरच्या शेडमागच्या घरात, शंकराच्या तसबिरीपुढं, काचेचं एक बूच दिसलं, तर नमस्कार करा. आणि जाता जाता त्याच्या कानात हळूच सांगा, की दोरा अजून माझ्या मानेलाच आहे.